यादी मुलाची, प्रश्न तुमचे

परीक्षा संपली की बऱ्याच घरांत एक कागद फिरू लागतो: मुलाला हव्या असलेल्या संगणकाच्या भागांची यादी. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, आणि खाली पोटात गोळा आणणारी बेरीज. आईबाबांनो, तो कागद लगेच बाजूला सारू नका आणि डोळे मिटून पैसेही देऊ नका. मुलाला शेजारी बसवून विचारा, ‘यातलं काय कशाला बसतं, ते मला समजावून सांग.’ तुम्हाला संगणकातलं कळत नाही, हे इथे फायद्याचंच आहे.

प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट एकच आहे ना? एएमडीचा रायझन ५ ५६०० हा एएम४ सॉकेटच्या बोर्डावर बसतो आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बोर्डांवर फक्त डीडीआर५ चालते. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात, चुकीची रॅम दाबूनही बसत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी डीडीआर४चेही बोर्ड मिळतात आणि डीडीआर५चेही, त्यामुळे तिथे बोर्डाचं पूर्ण नाव वाचायचं. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल, तर नव्या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट केलंय का, हे दुकानदाराला विचारायचं.

आता पैशांचं. सगळं आजच हवं, असा मुलाचा हट्ट असेल तर एक मधला रस्ता आहे: ग्राफिक कार्ड नंतर घ्यायचं. ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांचंही तेच. पण ५६००जी मध्ये ते आहे. त्यावर हलके गेम चालतात, अभ्यास तर होतोच, आणि कार्ड दिवाळीला घेता येतं. मात्र हे ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या. ५६००जी हा ५६००पेक्षा थोडा मंद आहे, हे मुलगा सांगेल. खरंच आहे ते. घराचं बजेट त्यालाही कळू द्या.

काटकसर कुठे करायची नाही, तर एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. तेवढी वीज तो खरंच देईल, याची खात्री कोण देणार? आरटीएक्स ३०६० कार्ड एकटं १७० वॅट खातं आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. चांगल्या कंपनीचाच घ्या, दिवे नसले तरी चालेल. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून बघून घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात गेलात तर ‘साहेब, आय-सेव्हन आहे, स्वस्तात देतो’ ऐकू येईल. पिढी विचारा. २०११चा आय-सेव्हन २०२२च्या साध्या आय-थ्रीपुढे मागे पडतो. इथे मुलाला बोलू द्या, तुम्ही नुसते उभे राहा.

बिल पक्कं घ्या. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. माळ्यावर आधीच काय काय आहे, याची मला कल्पना आहे, तरीही ठेवा.