उभ्या मोटारीची नाडी : आयडल गती आणि तिची निगा

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मीरा-भाईंदर शहरात, मीरा रोड पूर्वेस, पूनम सागर ही दाट वस्तीची वसाहत आहे. सकाळी येथून दहिसरच्या दिशेने निघालेली मोटार पाहावी. वसाहतीच्या फाटकाशी, शाळेच्या बसमागे, चौकातील सिग्नलपाशी आणि पुढे महामार्गावरील रांगेत ती वारंवार थांबते. चाके थांबतात, इंजिन मात्र फिरतच असते. या अवस्थेतील इंजिनाच्या वेगास ‘आयडल गती’ म्हणतात. ग्रामपंचायतीची घंटागाडी असो, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो वा कार्यालयाची जीप असो, तिची प्रकृती जाणण्याचे हे सर्वांत सोपे साधन होय.

आयडल गती म्हणजे काय?

गिअर न्यूट्रलमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, बंद न पडता इंजिन दर मिनिटास जितके फेरे घेते, ती त्याची आयडल गती. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत, इंजिन गरम झाल्यावर, ती ७०० ते ९०० फेऱ्यांच्या आसपास असते. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. म्हणजेच चार सिलिंडरचे इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर उभ्या मोटारीतही मिनिटास १,६०० वेळा इंधन पेटते. ही सारी शक्ती इंजिनाचे अंतर्गत घर्षण, ऑइल पंप, पाण्याचा पंप आणि बॅटरी भारित करणारा आल्टरनेटर यांवर खर्च होते. लहान मोटार अशा स्थितीत तासभर उभी राहिली, तर साधारणतः अर्धा ते एक लिटर इंधन एक पाऊलही पुढे न जाता संपते.

गती कशामुळे बदलते?

गतीतील प्रत्येक बदल हा दोष नव्हे. थंड इंजिन सुरू करताच ते काही वेळ जलद फिरते आणि गरम झाल्यावर स्थिरावते. वातानुकूलन यंत्र सुरू केले की कॉम्प्रेसरचा भार पडतो. तो पेलण्यासाठी अनेक मोटारींत गती आपोआप किंचित वाढविली जाते.

दोष ओळखण्यासाठी पेट्रोल इंजिनाचे एक तत्त्व ध्यानी घ्यावे : त्याची आयडल गती मुख्यतः हवेवर अवलंबून असते. पाय काढल्यावर हवेचा मार्ग, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ मिटतो आणि अल्पशी हवा आत जाते. तेथे काजळी साचली, तर हवा अपुरी पडून गती घसरते. उलट एखादी रबरी नळी चिरली, तर मोजणीत न आलेली हवा आत शिरते व इंजिन चढ-उतार करीत फिरते. स्पार्क प्लग झिजला, तर एखादा ठोका चुकतो आणि मोटार थरथरते. गती योग्य असूनही हादरे बसत असतील, तर इंजिनाखालील रबरी आधार तपासावेत. डिझेल इंजिनाचे तत्त्व निराळे आहे; तेथे गतीचे नियमन आत फवारल्या जाणाऱ्या इंधनाच्या मात्रेने होते.

स्क्रू पिळणे हा उपाय नव्हे

मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निरोप घेतलेल्या पद्मिनी टॅक्सीत कार्ब्युरेटर असे. त्यावरील स्क्रू पिळला की गती वाढे आणि तक्रार तात्पुरती मिटे. आजच्या मोटारींत हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. तरीही ‘गाडी सिग्नलला बंद पडते, जरा रेस वाढवून द्या’ अशी मागणी ऐकू येते. ताप उतरविण्याऐवजी तापमापी बदलण्यासारखाच हा प्रकार आहे. मूळ दोष तसाच राहतो आणि इंधनाचा खर्च मात्र वाढतो.

समजा, वातानुकूलन सुरू असताना मोटार चौकात बंद पडते. प्रथम ते बंद करून पाहावे. त्यानंतर गती स्थिर राहिली, तर वाढीव भार पेलला जात नाही हे उघड होते. मग थ्रॉटलची स्वच्छता, हवेचा फिल्टर, नळ्या आणि प्लग या क्रमाने तपासणी करवून घ्यावी.

आरोग्याचा प्रश्न

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार पेट्रोल वाहनांची प्रदूषण चाचणी आयडल गतीवर घेतली जाते. भारत स्टेज चार व त्यानंतरच्या चारचाकींसाठी या वेळी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. या वायूला रंग नाही, गंध नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा कितीतरी दृढपणे जोडला जातो. यास्तव बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. इमारतीखालील वाहनतळात किंवा शाळेच्या फाटकाशी उभ्या मोटारीचा धूरही प्रथम लहान मुलांच्या श्वासात जातो, हे विसरता कामा नये.

आपले कर्तव्य

अधिकाऱ्यांनी आपल्या ताब्यातील वाहनांच्या नोंदवहीत गरम इंजिनाची आयडल गती दर महिन्यास लिहवून घ्यावी. आकडा हळूहळू सरकू लागला की दोष मोठा होण्यापूर्वीच ध्यानात येतो. पंचायत सदस्यांनी गावच्या वाहनाचे प्रदूषण प्रमाणपत्र मुदतीत आहे, याकडे लक्ष द्यावे. शिक्षकांनी १,६०० ज्वलनांचे गणित वर्गात करून दाखवावे आणि फाटकाशी थांबलेल्या वाहनचालकांस इंजिन बंद ठेवण्याची विनंती करावी. रुग्णवाहिकेचे इंजिन ऐन वेळी बंद पडू नये, हीच या निगेची खरी कसोटी होय. आणि जेथे थांबावेच लागते, तेथे सुस्थितीतील इंजिनही बंद ठेवणे अधिक हिताचे.