कच्चा लिंबू आणि ऑनलाइन खेळ

खेळ सोपा केला म्हणजे नवख्याला तो अधिक गोड वाटेल, असे कोणीही सहज म्हणेल. मोबाइलवर अनेकांनी मिळून एकाच वेळी खेळावयाचे जे ऑनलाइन खेळ गेल्या काही वर्षांत आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतही पोहोचले, त्यांच्या कर्त्यांनीही हेच गृहीत धरलेले दिसते. परंतु सोपेपणा एकाच जातीचा नसतो. एक सोपेपणा नवख्याला खरोखर खेळात घेतो. दुसरा त्याला खेळात घेतल्याचा केवळ भास निर्माण करतो. ह्या दोहोंतील फरक कोठे आहे आणि त्याचा हौशी गड्यावर काय परिणाम होतो, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पैसे लावून खेळावयाच्या ज्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, ते खेळ येथे विचारात घेतलेले नाहीत.

हौशी गडी म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. जो रोज चार-सहा तास सराव करतो तो हौशी नव्हे. संध्याकाळी तासभर सवड मिळाली तर मित्रांबरोबर एखादा डाव टाकणारा, हरला तरी जेवायला वेळेवर घरी जाणारा, तो हौशी. आपल्याकडील बहुसंख्य विद्यार्थी ह्याच वर्गात मोडतात.

जुन्या खेळांतील तोड

लहान-थोरांनी एकत्र खेळावे कसे, हा प्रश्न मोबाइलने निर्माण केलेला नाही. आपल्या अंगणात त्याची तोड फार पूर्वीच निघालेली आहे. लपंडाव, लंगडी किंवा पकडापकडी खेळताना घरातील धाकटे भावंड हट्ट धरून बसते. त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून डावात घेतात. तो बाद झाला तरी बाद धरीत नाहीत, त्याच्यावर राज्य येत नाही. ह्या साध्या रिवाजात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, ही सवलत सर्वांना ठाऊक असते, आणि खुद्द कच्च्या लिंबालाही ती ठाऊक असते. दुसरी, इतरांचा डाव जसाच्या तसा चालू राहतो. एकासाठी सगळ्यांचे नियम सैल होत नाहीत. तिसरी, ती सवलत कायमची नसते. एक दिवस ते पोर स्वतःच ठणकावून सांगते की मी आता कच्चा लिंबू नाही, माझ्यावरही राज्य आले पाहिजे. तो दिवस त्याच्या दृष्टीने बढतीचा असतो.

कबड्डीत ह्याहून निराळी सोय आहे. तिचे अमर, संजीवनी आणि गामिनी असे तीन प्रकार जाणत्यांना परिचित आहेत. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहतो, फक्त प्रतिपक्षाला गुण मिळतो. संजीवनीत बाद झालेला बाहेर बसतो, पण त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की तो जिवंत होऊन परत येतो. गामिनीत एकदा बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. आज अधिकृत सामने संजीवनीच्या धर्तीवर खेळले जातात. चढाईचे आणि पकडीचे कौशल्य तिन्ही प्रकारांत तेच लागते. बदलते ती चुकीची शिक्षा. चूक करणाऱ्याने किती वेळ नुसते बघत बसावे, एवढाच काय तो प्रश्न. ऑनलाइन खेळांचा विचार करताना ही दृष्टी फार उपयोगी पडते.

दाराशी अडणारी काठिण्ये

हौशी गड्याच्या वाटेतील पहिली अडचण खेळाच्या आत नसतेच. ती दाराशी असते. मोबाइल साधा, त्यातही तो घरात दोघा-तिघांचा मिळून एक, डेटा मोजका, आणि नेटवर्कची खात्री नाही. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद होतो, त्या दिवसांत कोठला खेळ आणि कोठला सर्व्हर! अशा ठिकाणी बंदूक रोखलेली असते, पण नेटवर्क अडखळते, आणि दृश्य पुन्हा हलू लागते तेव्हा आपण मेलेलो असतो. ह्या हरण्यात कौशल्याचा काहीच संबंध नसतो.

हे काठिण्य काही खेळांनी मनावर घेऊन कमी केले. २०१८ च्या मार्चमध्ये मोबाइलवर आलेल्या पबजीत एका डावात शंभर गडी असत व डाव अर्ध्या तासाच्या आसपास चाले. त्याआधी २०१७ मध्ये आलेल्या फ्री फायरने गडी पन्नासच ठेवले, डाव दहा मिनिटांच्या आसपास आणला आणि साध्या मोबाइलवर चालेल अशी बांधणी केली. भारतात २०१९ मध्ये आलेल्या पबजी लाइटनेही गडी साठावर आणून मैदान लहान केले. ह्यात खेळातील कस कमी झाला काय? मुळीच नाही. फक्त उंबरठा खाली आला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर व फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर सरकारने बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय हा खेळही जुलै २०२२ मध्ये काढला गेला व मे २०२३ मध्ये परत आला. ह्या उलथापालथीतही उंबरठ्याबाबतचा हा धडा कायम राहतो.

शंभरात एक

आता खेळाच्या आत शिरू. येथे एक साधे गणित मांडतो. शंभर गड्यांच्या डावात जिंकणारा एकच. सर्व गडी अगदी तुल्यबळ असले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी शंभर डावांत एकच विजय येणार. रोज एकच डाव खेळणाऱ्या हौशी गड्याला म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागेल. त्यातून सगळे तुल्यबळ नसतात. कसलेले गडी मोठा वाटा घेऊन जातात आणि हौशी गड्याच्या पदरी पाच मिनिटांत मरण व वीस मिनिटे प्रेक्षकपण येते. कबड्डीच्या भाषेत सांगायचे तर हा शंभर संघांचा गामिनी डाव आहे. गामिनीत निदान संपूर्ण संघ बाद झाल्यावर परत मैदानात येता येते. येथे तेही नाही.

समान बळाचे गडी एकमेकांसमोर आणणे, हा ह्यावरचा एक उपाय. बुद्धिबळात आर्पाड एलो ह्यांची गुणांकन पद्धती जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन खेळांतील जोड्या जुळविण्यामागेही तेच तत्त्व आहे. दोघांच्या डावात ह्या पद्धतीने हौशी गडी सुमारे निम्मे डाव जिंकतो. शंभरांच्या डावात मात्र तुल्यबळ गडी गोळा करूनही शंभरात एक हे प्रमाण सुटत नाही.

म्हणून दुसरा उपाय पुढे आला, तो यांत्रिक गड्यांचा. त्यांना बॉट म्हणतात. पबजी मोबाइलमध्ये खालच्या श्रेणींतील डावांत असे बॉट मोठ्या संख्येने भरले जात. त्यांना माणसांसारखी नावे असतात, पण चाल यंत्राची. गोळी झाडताना ते उभे राहतात आणि नेमही धड लागत नाही. नवख्याला वाटते, आपण दहा जणांना टिपले, शंभरांत पहिले आलो. ‘फोर्टनाइट’ ह्या खेळाच्या कर्त्यांनी २०१९ मध्ये बॉट आणीत असल्याचे आधी जाहीर केले होते, हे त्यांच्याबद्दल सांगितले पाहिजे. तरी प्रत्यक्ष डावात समोरचा गडी माणूस की यंत्र, ह्याची खूण तेथेही नव्हती.

ही सवलत कच्च्या लिंबाच्या सवलतीसारखी दिसते, पण ती नेमकी उलट आहे. अंगणात सवलत मिळालेल्याला ती ठाऊक असते. येथे तीच गोष्ट त्याच्यापासून झाकलेली असते. परिणाम काय होतो ते मी माझ्या सोबत्यांत पाहिले आहे. बॉट मारून श्रेणी भराभर चढते. मग एका पायरीवर यंत्रे कमी होतात आणि समोर माणसे येतात. गडी एकदम हरू लागतो. खेळ बदलला हे त्याला कळत नाही. आपलाच हात बिघडला, आपल्या मोबाइलातच दोष आहे, अथवा समोरचे सगळे लबाड आहेत, असे निष्कर्ष तो काढतो आणि खेळ सोडतो. ज्याला शिकण्याची संधी द्यावयाची, त्याला आपण शिकलो असा भ्रम दिला गेला. यंत्राशी खेळून जो हात बसतो, तो माणसाशी खेळताना कामी येत नाही, कारण माणूस लपतो, फसवितो, वाट पाहतो.

उघड केलेली सवलत

ह्याउलट दोन उदाहरणे पाहा. पबजी मोबाइलमधील चार विरुद्ध चार ह्या लहान डावात मेलेला गडी काही क्षणांत परत जिवंत होतो आणि जो संघ आधी चाळीस बळी घेईल तो जिंकतो. ही सरळसरळ अमर कबड्डी आहे. समोर माणसेच असली, तर कस तोच राहतो. शिक्षा तेवढी हलकी झाली, आणि दहा मिनिटांत नवख्याला वीस वेळा चुकण्याची व वीस वेळा शिकण्याची संधी मिळते.

दुसरे उदाहरण पुन्हा फोर्टनाइटचे. त्या खेळात लढता लढता भिंती व जिने उभारावे लागत. कसलेले गडी क्षणात मनोरे चढवीत आणि हौशी गडी खाली उभा राहून मरे. मार्च २०२२ मध्ये कर्त्यांनी बांधकामाविना खेळण्याचा प्रकार वेगळा काढला आणि मूळ प्रकारही चालू ठेवला. नियम उघड, दोन्ही मैदाने खुली, ज्याला जे झेपेल ते त्याने निवडावे. येथे सवलत घेणाऱ्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही, आणि मुरलेल्याचा डावही मोडला नाही.

सोपेपणाबरोबर काय जाते

एक जुने उदाहरण ह्या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या संगणकीय खेळात आरंभी मोठ्या मोहिमेस चाळीस गडी लागत. इतक्यांना एका वेळी जमविणे हेच मोठे काठिण्य होते, आणि हौशी गड्यांना त्या मोहिमा क्वचितच पाहावयास मिळत. पुढे गड्यांची संख्या घटविली गेली. डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी गड्यांना आपोआप एकत्र आणणारी सोय आली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये मोठ्या मोहिमांचीही सोपी आवृत्ती तशाच रीतीने सर्वांना खुली झाली.

ह्या खेळाचे वर्गणीदार ऑक्टोबर २०१० मध्ये एक कोटी वीस लाखांवर होते. डिसेंबर २०१० मध्ये काही मोहिमा मुद्दाम अवघड केल्या गेल्या; पुढील वर्षी वर्गणीदार घटले. नंतर सोपेपणा आणला, तरी उतरण कायमची थांबली नाही. २०१५ मध्ये आकडा पंचावन्न लाखांच्या घरात आला. तेव्हा नुसते कठीण-सोपे ह्या मापाने लोकांचे येणे-जाणे मोजता येत नाही, एवढे तरी ह्यावरून दिसते. मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने खेळाचे जुने, संथ रूप पुन्हा खुले केले, तेव्हा प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लागल्या. मला त्याचे कारण असे वाटते की, जुन्या रूपात माणसाला माणसाची गरज पडे. सोबती शोधावा लागे, त्याच्याशी बोलावे लागे, त्याचा शब्द राखावा लागे. आपोआप जुळणाऱ्या जोड्यांनी वेळ वाचविला, पण ओळख होण्याचे निमित्तही नेले. हौशी गडी बहुधा सोबतीसाठीच खेळतो. त्याच्यापुरता हा तोटा लहान नाही.

हजेरीची सक्ती

आणखी एक विसंगती नोंदवितो. कौशल्याची अट सैल करणाऱ्या ह्याच खेळांनी हजेरीची अट कडक केली आहे. रोजची कामे, आठवड्याची कामे, ठराविक मुदतीत पुरी करावयाची बक्षिसांची मालिका. मुदत टळली की बक्षीस गेले. आपल्या भागातील मुलगा मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर जातो, पावसाळ्यात रोवणीला उतरतो. त्याची सवड ऋतूप्रमाणे येते, खेळाच्या पंचांगाप्रमाणे नव्हे. त्याच्यासाठी खेळ सोपा झाला, असे म्हणणे मग कितपत खरे? धान निघाल्यावर गावोगाव रात्रीचे कबड्डीचे सामने होतात, त्यात चार महिने मैदानावर न आलेल्या गड्याला कोणी हजेरीपट दाखवीत नाही.

निष्कर्ष

एकंदरीत माझे म्हणणे असे. दाराशी असलेली अडचण कमी करावी. त्यात कोणाचेच नुकसान नाही. चुकीची शिक्षा हलकी करावी. त्याने नवखा शिकतो. सोपे मैदान वेगळे काढावे, पण त्यावर पाटी लावावी. मात्र खोटा प्रतिस्पर्धी आणि खोटा विजय देऊ नये, कारण त्याने हौशी गडी खेळात येत नाही, केवळ रमतो, आणि भ्रम फिटताच निघून जातो. बॉट ठेवावयाचेच असतील तर त्यांच्या माथ्यावर तशी खूण असावी. एवढ्याने सवलत कमी होत नाही. ती प्रामाणिक होते.

आपल्या गुरुजनांनाही हा प्रश्न परका वाटू नये. घरी गोंडी किंवा माडिया बोलणारा विद्यार्थी वर्गात येतो, तेव्हा त्याला समजेल अशा भाषेत विषय सांगणे ही दाराशी दिलेली मदत आहे. न शिकविताच गुण देऊन त्याला पुढे ढकलणे हा बॉटवरचा विजय आहे. पहिल्याने तो पुढच्या डावाला तयार होतो, दुसऱ्याने पुढच्या डावात एकटा सापडतो.

आणि मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या स्वतः एखादा खेळ रचला, तर लहान भिडूला जरूर सवलत द्यावी. फक्त ‘मी आता कच्चा लिंबू नाही’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार राखून ठेवावा.