डॉक्टरांची परीक्षा

वाहन चालवण्याचा परवाना मागणाऱ्याला रहदारीचे नियम विचारले जातात. परंतु तेवढ्यावर परवाना मिळत नाही. त्याला गाडी चालवून दाखवावी लागते आणि परीक्षक ते पाहतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट दीर्घकाळ नीटशी घडत नव्हती, हे वाचून तुम्हांला आश्चर्य वाटेल.

प्रात्यक्षिक परीक्षा नव्हती असे नाही. जुन्या पद्धतीत विद्यार्थ्याला रुग्णालयातील एक रुग्ण नेमून दिला जाई. त्याने त्या रुग्णाची विचारपूस करावी, त्याला तपासावे आणि नंतर परीक्षकांसमोर आपले निदान मांडावे, अशी ही रीत. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत ती ‘लाँग केस’ या नावाने आजही परिचित आहे. खराखुरा, संपूर्ण माणूस समोर असतो, हा तिचा मोठा गुण होय. परंतु एकाच्या वाट्याला सरळ दुखणे आणि बोलका रुग्ण येई, तर दुसऱ्याच्या वाट्याला गुंतागुंतीचा आजार आणि तपासण्यांना कंटाळलेला रुग्ण. परीक्षकही कोणी उदार, कोणी कडक. याहून गंभीर उणीव अशी, की विद्यार्थी रुग्णाला तपासत असताना त्याच्याकडे बहुधा कोणी पाहतच नसे. त्याने हात धुतले का, दुखऱ्या पोटावर हात ठेवण्यापूर्वी रुग्णाला सांगितले का, हे परीक्षकांना कसे कळणार? त्यांना उत्तर ऐकू येई. कृती दिसत नसे.

ती कृती एका व्यक्तीला मात्र पूर्ण ठाऊक असे. ती व्यक्ती म्हणजे स्वतः रुग्ण! अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी यासंबंधी एक आठवण सांगितली आहे. परीक्षेसाठी बोलावलेल्या एका रुग्णाशी एक उमेदवार फार उद्धटपणे वागला. रुग्णाने त्याची परतफेड केली. त्याने आपली लक्षणेच बदलली आणि शरीराच्या एका बाजूचा अशक्तपणा दुसऱ्या बाजूला असल्याचे भासवले! असे अनुभव गाठीशी असताना बॅरोज यांनी १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे वेगळाच प्रयोग केला. चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका निरोगी स्त्रीला त्यांनी पाय लुळे पडलेल्या रुग्णेची भूमिका शिकवली. तपासणीनंतर विद्यार्थ्याने काय केले आणि काय केले नाही, याची नोंदही तीच करी. हा नाटकीपणा अनेकांना रुचला नाही. परंतु सर्व विद्यार्थ्यांसमोर एकसारखाच ‘रुग्ण’ ठेवण्याची सोय त्यामुळे झाली.

पुढचे पाऊल स्कॉटलंडमधील डंडी येथे पडले. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एका नव्या परीक्षापद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती पुढे ‘ऑस्की’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या पद्धतीत एका मोठ्या परीक्षेचे अनेक छोटे टप्पे केलेले असतात. प्रत्येक टप्प्याला ‘स्थानक’ म्हणतात. घंटा वाजली, की विद्यार्थी एका स्थानकावरून पुढच्या स्थानकावर जातो. एका ठिकाणी रक्तदाब मोजायचा, दुसऱ्या ठिकाणी क्ष-किरण चित्र वाचायचे, तिसऱ्या ठिकाणी पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन थांबलेले हृदय चालू करण्याचा प्रयत्न करायचा. पाच-दहा मिनिटांत हे काम उरकावे लागते. परीक्षक शेजारी तपाससूची घेऊन बसतो. रक्तदाबाचा पट्टा योग्य जागी बांधला का, रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीवर ठेवला का, हे तो एकेक करून पाहतो. नशिबाने सोपा रुग्ण मिळण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण सर्वांना तीच स्थानके ओलांडायची असतात.

तथापि ही पद्धतही निर्दोष नाही. सूचीत खूण मिळावी म्हणून विद्यार्थी प्रश्न घडाघडा म्हणून टाकतात आणि रुग्णाचे उत्तर ऐकतही नाहीत. अनुभवी डॉक्टर मोजकेच प्रश्न विचारून आजार ओळखतो. सूचीनुसार त्याला कमी गुण पडण्याची शक्यता असते! म्हणून अनेक ठिकाणी सूचीबरोबर परीक्षकाच्या एकंदर अभिप्रायालाही गुण असतात. शिवाय माणसाचे असे तुकडे पाडल्यावर संपूर्ण रुग्ण दिसतो कोठे, हा आक्षेप सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही.

खर्चाचाही प्रश्न आहे. भूमिका करणारी माणसे, परीक्षक, खोल्या, साहित्य असे सारेच लागते. अमेरिकेत वैद्यकीय परवान्यासाठी अशा ‘रुग्णां’वर आधारलेली स्वतंत्र परीक्षा २००४ मध्ये सुरू झाली. भारतातून तेथे जाणाऱ्या डॉक्टरांनाही ती द्यावी लागे. साथीमुळे २०२० मध्ये ती थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. भारतात मात्र २०१९ पासून एमबीबीएससाठी क्षमतांवर आधारित अभ्यासक्रम लागू झाला आणि ऑस्कीकडे महाविद्यालयांचे लक्ष अधिक वळले.

काही परीक्षांत एक स्थानक असे असते, जेथे कोणतेही उपकरण नसते. समोर एक स्त्री बसलेली असते. तिच्या पतीला कर्करोग झाल्याचे विद्यार्थ्याने तिला सांगायचे असते. ती रडू लागते, प्रश्न विचारते, कधी एकदम गप्प होते. हा अभिनय आहे हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही कित्येकांचा आवाज अडखळतो. घंटा वाजते आणि विद्यार्थी निघून जातो. मग काही ठिकाणी त्या स्त्रीलाही गुण देण्यास सांगतात. या डॉक्टरकडे तुम्ही पुन्हा याल का, असा प्रश्न तिच्या कागदावर असतो.