पश्मिना

हिमालयाच्या पलीकडे, लडाखच्या पूर्व भागात, चांगथांग नावाचे विस्तीर्ण पठार पसरलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ४,००० मीटरांहूनही अधिक आहे. तेथे पाऊस अत्यल्प पडतो, वृक्ष क्वचितच दृष्टीस पडतात आणि हिवाळ्यात तापमान शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरते. अशा प्रदेशात चांगपा नावाचे पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. याकच्या केसांपासून विणलेल्या तंबूंत त्यांचा संसार असतो आणि शेळ्या हे त्यांचे मुख्य धन होय.

ह्या शेळ्यांना निसर्गाने दुहेरी वस्त्र दिले आहे. वरचे केस लांब व राठ असतात. त्यांच्याखाली अतिशय मऊ लोकर दडलेली असते. तिलाच ‘पश्म’ म्हणतात, आणि तिच्यापासून विणलेले वस्त्र म्हणजे ‘पश्मिना’. पश्मचा तंतू १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस त्याहून कितीतरी पट जाड असतो!

थंडी सरली, की ही लोकर आपोआप सुटू लागते. तेव्हा चांगपा लोक लांब दातांच्या फणीने ती सावकाश विंचरून काढतात. घाई केली, तर शेळीची कातडी ओरबाडली जाते. वेळेआधी लोकर काढली, तर ती गारठते. म्हणून ह्या कामी हात हळुवार हवा आणि धीरही हवा. एका शेळीपासून वर्षाकाठी जेमतेम पाव किलो लोकर मिळते, आणि राठ केस निवडून टाकल्यावर तीही पुष्कळ घटते. पुढे काश्मीरमधील स्त्रिया चरख्यावर तिचे सूत काततात व विणकर हातमागावर शाली विणतात.

तिबेटच्या पठारावरील चिरू नावाच्या वन्य प्राण्याची लोकर पश्महूनही तलम असते. परंतु चिरू माणसाळत नाही. ‘शाहतूश’ शालीसाठी त्याला ठारच मारावे लागे; एका शालीपायी तीन ते पाच चिरूंचा बळी जाई. १९७९ साली ह्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. शेळी मात्र लोकर देऊनही जिवंत राहते आणि पुढील वर्षी पुन्हा देते.

तथापि, शेळी जगली म्हणजे सर्व साधले असे नव्हे. तिच्या पायांखालचे कुरणही जगले पाहिजे. मंगोलियात १९९० साली सुमारे ५० लाख शेळ्या होत्या. २०१८ साली त्यांची संख्या अडीच कोटींच्या पुढे गेली. लोकरीला मागणी वाढली, कळप वाढले. गवत मात्र त्या प्रमाणात वाढले नाही, आणि अनेक कुरणे उजाड होऊ लागली. चांगपा लोक ऋतुमानाप्रमाणे मुक्काम हलवितात. एका कुरणावर कळप चरत असता दुसऱ्याला विसावा मिळतो व तेथे गवत पुन्हा उगवते.

हे जीवन सोपे नाही. २०१३ सालच्या आरंभी चांगथांगवर जबर हिमवृष्टी झाली. गवत बर्फाखाली गाडले गेले आणि हजारो शेळ्या व करडे दगावली. अशा हालअपेष्टा सोसूनही कष्टांचे योग्य मोल पदरात पडत नाही, तेव्हा तरुण मंडळी कळप सोडून लेह शहराची वाट धरतात. दुसरीकडे, यंत्रावर विणलेले भेसळीचे कापड ‘पश्मिना’ म्हणून स्वस्तात विकले जाते व कातणारी स्त्री आणि विणकर ह्यांच्या तोंडचा घास हिरावला जातो. ही फसवणूक रोखता यावी म्हणून काश्मीरच्या पश्मिन्यास २००८ साली आणि लडाखच्या पश्मिन्यास २०२३ साली भौगोलिक मानांकन देण्यात आले.

शालीची ऊब सर्वांनाच हवीशी वाटते. परंतु ती घेताना शेळीला इजा होऊ नये, कुरण उजाड होऊ नये आणि राबणाऱ्यांची मजुरी बुडू नये. ह्या तिन्ही गोष्टी सांभाळून विणलेली शालच खरी मोलाची होय.