टनाला किती, पक्ष्याला किती: ब्रॉयलरच्या खाद्यातले एन्झाइम

ब्रॉयलरच्या लॉटवर जो खर्च होतो त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या खाद्याचा. त्यामुळे एन्झाइमचे पाकीट घेऊन विक्रेता दारात आला की मोह पडतोच. पण तुम्ही कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असाल, तर हा खर्च तुमचा नाही. खाद्य कंपनीचे, आणि त्यात एन्झाइम बहुधा आधीच असते. वरून काही मिसळायच्या भानगडीत पडू नका. पुढचा हिशेब मका आणि सोया पेंड विकत घेऊन स्वतः खाद्य बनवणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवात फायटेज या एन्झाइमपासून करा. मका-सोयातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. कोंबडीला तो नीट पचत नाही, म्हणून आपण डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालतो. फायटेज हा अडकलेला फॉस्फरस मोकळा करते. ग्रॅमला 5000 युनिट ताकदीची पावडर टनाला 100 ग्रॅम पुरते आणि तिच्या बळावर साधारण 6 किलो डीसीपी कमी करता येते. समजा फायटेज 300 रुपये किलो आणि डीसीपी 55 रुपये किलो आहे. म्हणजे 30 रुपये घालून 330 रुपये वाचले. भाव तुमच्या बाजाराचे धरा, तरी उत्तर सहसा फिरत नाही. डीसीपी न घटवता फायटेज घातले, तर मात्र ही बचत हाती लागत नाही. कॅल्शियमचे प्रमाणही तपासून घ्या, कारण चुनखडी जास्त झाली की फायटेजचे काम मंदावते.

झायलानेज, मॅनानेज, प्रोटीएज यांच्या मिश्रणाचा, म्हणजे ‘कॉकटेल’चा, हिशेब इतका सरळ नाही. टनाला 500 ग्रॅम मात्रा आणि 400 रुपये किलो भाव धरला तर टनामागे 200 रुपये झाले. दोन किलोचा पक्षी 1.70 एफसीआरने (किलोभर वजनामागे लागणारे खाद्य) 3.4 किलो खाद्य खातो, म्हणजे एका टनात साधारण 294 पक्षी निघतात. पक्ष्यामागे 68 पैसे. खाद्य 38 रुपये किलो असेल तर हे पैसे भरून यायला पक्ष्यामागे 18 ग्रॅम खाद्य वाचले पाहिजे. एफसीआर 1.70 वरून 1.69 झाला की खर्च निघाला! ऐकायला सोपे वाटते. पण एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि ‘पक्षी फुगले’ या सांगीवांगीवर विश्वास ठेवून पैसे घालवणारे पुष्कळ आहेत.

कॉकटेलचा खरा उपयोग खाद्यात गहू, बाजरी, भाताचा कोंडा किंवा गवार कोरमा असेल तेव्हा. त्यातले न पचणारे तंतुमय घटक एन्झाइम तोडते, विष्ठा कमी चिकट होते आणि लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुसा) कोरडे राहायला मदत होते. निव्वळ मका-सोयाच्या खाद्यात फायदा कमी असतो.

घेताना पाकिटावर प्रत्येक एन्झाइमचे युनिट, लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का ते बघा. नुसते ‘मल्टी एन्झाइम’ लिहिलेले असेल तर परत करा. खाद्याच्या गोळ्या पाडत असाल तर उष्णता सोसणारेच एन्झाइम मागा. 80–85 अंशांवर साधे एन्झाइम बरेचसे निकामी होते. एवढीशी पावडर टनभर खाद्यात एकसारखी पसरत नाही, म्हणून ती आधी 5–10 किलो मक्याच्या भरड्यात कालवून मग मिक्सरमध्ये सोडा.

सूत्र बदलायचे असेल तर अंदाजाने बदलू नका. परळ, शिरवळ आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पशुपोषणाचे तज्ज्ञ आहेत, त्यांना विचारा. कॉकटेलची परीक्षा शेडमध्येच घ्या. एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्ले मधे जाळी लावून दोन भागांत सोडा, एकाच भागाला कॉकटेलचे खाद्य द्या, दोन्हीकडचे खाद्य आणि वजन वेगळे लिहा. एका लॉटवर निकाल देऊ नका. तीन लॉटनंतरही पक्ष्यामागे 18 ग्रॅमची बचत दिसली नाही, तर ते पाकीट बंद करा आणि फायटेज तेवढे चालू ठेवा.