थरथरणारे हात, नाचणारे हात

मुलांनो, पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले, की थोड्याच वेळात शिरढोण हे गाव लागते. क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. त्यांचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. पण आज आपण इतिहासासाठी येथे थांबलेलो नाही. गावाच्या पुढे कर्नाळ्याचा डोंगर दिसतो. कोकणातल्या अशा रानात झुडपांवर एक वेल चढलेली आढळते. हिवाळ्यात तिला मखमलीसारख्या तपकिरी शेंगा लोंबतात. हात लावाल, तर पस्तावाल! शेंगेवरची बारीक लव अंगाला लागली, की भयंकर खाज सुटते. म्हणून हिचे नाव खाजकुइली. तुमच्या घरी कदाचित तिला 'कौंच' म्हणत असतील. हकिमांच्या औषधांत तिच्या बिया असतात. या वेलीचा आणि माणसाच्या थरथरणाऱ्या हातांचा फार जवळचा संबंध आहे.

म्हातारपणी काही माणसांचे हात कापू लागतात. उर्दूत या कापण्याला 'रअशा' म्हणतात, तर आयुर्वेदात 'कंपवात' असा शब्द आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अशा रोगाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा रोग म्हणतात. हात कापतो हे सर्वांना दिसते, पण रोग्याची खरी अडचण वेगळीच असते. त्याची हालचाल मंदावते. उठायचे ठरवले, तरी शरीर लवकर ऐकत नाही. सदऱ्याचे बटण लावायलाही वेळ लागतो. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, त्यामुळे आजोबा आपल्यावर रागावले आहेत, असे नातवंडांना उगीचच वाटते.

याच्या अगदी उलट रोग म्हणजे कोरिया. (हा कोरिया देश नव्हे बरे का!) ग्रीक भाषेतील या शब्दाचा मूळ अर्थ 'नाच' असा आहे. यात हातपाय, मान, चेहरा आपोआप हलत राहतात. रोग्याला ते थांबवता येत नाही.

हा रोग तुमच्या वयाच्या मुलांनाही होतो. समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीचे अक्षर अचानक बिघडले. तिच्या हातून पेला पडू लागला. ती सारखी चुळबुळ करते, तोंड वेडेवाकडे करते, क्षणात रडते. शिक्षक रागावतात, मुले हसतात, आणि शेजारीण सांगते, "हिला कोणीतरी झपाटले आहे." डॉक्टर मात्र तिला जीभ बाहेर काढून धरायला सांगतात. जीभ बाहेर राहत नाही. पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. मग ते विचारतात, "काही महिन्यांपूर्वी हिचा घसा दुखत होता का?"

घशाचा आणि हाताचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. घशात एका विशिष्ट जातीचे जंतू शिरले, की शरीर त्यांच्याशी लढण्यासाठी द्रव्ये तयार करते. क्वचित हीच द्रव्ये चुकून मेंदूच्या एका भागावर हल्ला करतात. ती हृदयालाही इजा करू शकतात, म्हणून अशा मुलांचे हृदय तपासावेच लागते. अंगाची हालचाल बहुधा काही महिन्यांत थांबते. पण हृदयाच्या झडपा सांभाळण्यासाठी पेनिसिलिनची इंजेक्शने पुढे अनेक वर्षे घ्यावी लागतात. कोरियाचा दुसरा एक प्रकार आनुवंशिक आहे. अमेरिकेतील डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले. त्याला कारण असलेला जनुक १९९३ साली सापडला, पण तो रोग मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही.

आता पुन्हा रानात जाऊ. आपल्याकडे सर्पगंधा नावाची आणखी एक औषधी वनस्पती आहे. युनानी वैद्यकात तिला 'असरोल' म्हणतात. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ साली तिच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' असे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे जगापुढे मांडले. पुढे १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य मिळाले.

स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांनी सशांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि थोड्याच वेळात ससे हिंडू लागले! हे १९५७ साली घडले. त्यावरून उलगडा झाला तो असा : मेंदूत डोपामीन नावाचे रसायन असते. ते कमी पडले, की हालचाल अडते. रेसर्पिन ते संपवते. एल-डोपापासून ते पुन्हा तयार होते. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोरियात याच्या उलट, डोपामीनचा जोर कमी केला की हालचाल आटोक्यात येते. त्यासाठी वापरले जाणारे टेट्राबेनाझिन हे औषध रेसर्पिनसारखेच काम करते.

आणि एल-डोपा कोठे असते? खाजकुइलीच्या बियांत! मद्रासच्या शास्त्रज्ञांनी ते १९३७ सालीच त्यांतून वेगळे केले होते, पण तेव्हा त्याचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. पुढे मुंबईचे डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी पार्किन्सनच्या रोग्यांना या बियांची पूड देऊन पाहिली. रोग्यांना उतार पडला. त्यांचा लेख १९७८ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून घरच्या घरी बिया कुटून आजोबांना देऊ नका हं. प्रत्येक बीत एल-डोपा सारखे नसते. जास्त झाले, तर ओकाऱ्या होतात, भ्रम होतो आणि अंग नको तसे हलू लागते. म्हणजे थरथर थांबवायला जावे आणि नाच सुरू व्हावा! आणि शिरढोणच्या बाजूला सहलीला गेलात, तर ती मखमली शेंग लांबूनच पाहा.