क्रमांकामागचे नाव

मुलांनो, तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे काय? नसेल, तर घरातील वडीलधारी मंडळी ते सांगतील. परंतु ज्यांचे पूर्वज समुद्रापार गेले ते परतलेच नाहीत, त्यांनी कोणास विचारावे?

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला. तेव्हा तेथील उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात येऊ लागले. सुमारे साडेचार लाख माणसे अशी तेथे उतरली. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले व ते स्वतः गिरमिटिये ठरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती.

पोर्ट लुई येथे ज्या ठिकाणी ते उतरत, ते स्थान आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखले जाते. तेथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत त्याचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, गाव व जहाज यांची नोंद होई. पुढे छायाचित्रही काढले जाऊ लागले. मळा सोडून पळालेला मजूर ओळखता यावा, हा त्यातील एक हेतू होता. परंतु काळाचा न्याय पाहा! ज्या वहीने माणसाचा क्रमांक केला, तीच वही आज वंशजांना त्यांचा माणूस परत देते.

हा शोध स्वतःपासून आरंभून मागे न्यावा लागतो. प्रथम आईवडिलांचे, मग आजोबांचे जन्माचे व विवाहाचे दाखले मिळवावे लागतात. जुन्या दाखल्यावर पूर्वजाचा क्रमांक आढळला, की मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत तो पाहता येतो. परंतु परभाषी कारकुनाने गावाचे नाव कानी पडले तसे लिहिलेले असते. म्हणून ते मोठ्याने उच्चारून ओळखावे लागते.

आणि ते एकदा ओळखले, की इतकी वर्षे नुसता आकडा असलेला पुरुष कोणाचा तरी पणजोबा होतो. त्याला गाव मिळते, बाप मिळतो.

मुलांनो, तुमच्या घरच्या वह्या अजून बोलत्या आहेत. आजच आजीजवळ बसा आणि ती सांगेल ती नावे लिहून ठेवा.

स्वाध्याय
१. 'गिरमिट' हा शब्द कसा बनला?
२. वहीने 'माणसाचा क्रमांक केला' म्हणजे काय केले?
३. तुमच्या घराण्यातील चार पिढ्यांची नावे लिहा. आजी-पणजींची नावे विसरू नका.